बांधाच्या वळणावरचा चार्ज

माझा नवरा सतीश गेला त्या दिवशी सकाळची शिफ्ट त्याची होती. ओहोटी संपताना आम्ही बांधाच्या वळणावर भेटलो. त्याने दुर्बीण माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "काही नाही." मी पुढे जाऊन बसले. तो बसने सेंगकांगला घरी गेला. संध्याकाळी मी दार उघडलं तेव्हा तो खुर्चीत होता. मी हाक मारली. मग ॲम्ब्युलन्स बोलावली. त्यांनी तपासलं आणि वेळ लिहून घेतली.

"काही नाही" हे त्याचं मला ऐकू आलेलं शेवटचं वाक्य. ते एका झाडाबद्दल होतं. मराठी मंडळाच्या अंकाच्या संपादकांनी कामाविषयी लिहायला सांगितलं, तेव्हा मला त्या झाडाशिवाय दुसरं काही सुचलं नाही.

आधी काम काय ते सांगते, कारण पुण्यातल्या नातेवाइकांना ते मला आजवर समजावता आलेलं नाही. सासूबाई "आमची सून पर्यावरणात आहे" असं सांगायच्या. ऐकणारा "अरे वा" म्हणायचा आणि विषय बदलायचा. मी सिंगापूरला पोस्टडॉकसाठी आले, पक्ष्यांवरचं संशोधन संपलं, आणि एका सल्लागार कंपनीत नोकरी धरून इथेच राहिले. या शहरात रोज कुठे ना कुठे काहीतरी बांधलं जात असतं. बांधायच्या आधी झाडं काढावी लागतात. झाड काढायच्या आधी कुणीतरी जाऊन बघावं लागतं, की त्यावर कुणाचा संसार मांडलेला नाही ना. अंडी किंवा पिल्लं असतील, तर ती उडेपर्यंत थांबायचं. नसतील तर करवत चालवायची. ते बघणारं माणूस मी.

यात "आहे" म्हणणं सोपं असतं. घरटं दिसलं, पिल्लाची चोच दिसली, संपलं काम. अवघड असतं ते "नाही" म्हणणं. तुम्ही बघितलंत आणि दिसलं नाही, यावरून तिथे नव्हतं हे ठरत नाही. म्हणून "नाही" म्हणायला आठवडे लागतात, आणि ते म्हटल्यावरही रात्री झोपताना ते झाड एकदा मनात परत तपासून होतंच.

गिऱ्हाइकं नाना प्रकारची. सेरंगूनच्या एका कोंडोत, म्हणजे खासगी सोसायटीत, कोकिळ पहाटे ओरडतो म्हणून कमिटीच्या अध्यक्षांनी मला बोलावलं होतं. गृहस्थ अतिशय सभ्य. मला लॉबीत बसवून कॉफी दिली आणि विचारलं, "मॅडम, त्याला शेजारच्या कोंडोत पाठवता येईल का?" मी म्हटलं, तो मादीला बोलावतोय, मादी आली की गप्प होईल. ते गंभीरपणे म्हणाले, "मग एक मादी अरेंज करा ना." त्यांची थट्टा नव्हती, त्यांना कोटेशन हवं होतं. आंग मो किओच्या एका आजीबाई याच्या बरोबर उलट. त्यांच्या कपडे वाळवायच्या बांबूला शिंजीरानं घरटं लटकवलं होतं. मुलगा ते काढायला निघाला, तर आजींनी ओले कपडे त्याच्याच खोलीतल्या खुर्च्यांवर पसरले आणि पिल्लं उडेपर्यंत तिथेच वाळवले.

सतीश या कामात उशिरा आला. तो आंग मो किओच्या एका इलेक्ट्रॉनिक्स कारखान्यात शिफ्ट मॅनेजर होता. कारखाना आक्रसत गेला तसा तोही लवकर निवृत्त झाला आणि घरी बसून माझे चमचे लावू लागला. मोठे एका कप्प्यात, लहान दुसऱ्यात, आणि मी चुकीच्या कप्प्यात टाकला की लगेच टोकायचा. मला त्याच सुमारास मदतनीस मिळत नव्हता. मी म्हटलं, "चमच्यांपेक्षा बगळे बघ. तेही एका रांगेत उभे राहतात." तो आला आणि चांगलाच रमला. त्याला पक्ष्यांची फार नावं येत नव्हती, पण तासन् तास एका जागी लक्ष देऊन बसणं त्याला येत होतं, आणि या कामात त्याचीच जास्त गरज असते.

कारखान्यातला एक धर्म मात्र तो बरोबर घेऊन आला. चार्ज दिल्याशिवाय जागा सोडायची नाही. उपकरण कधी एकटं ठेवायचं नाही. या हातातून त्या हातात. आणि दोन शिफ्टच्या मधे दोघांनी समोरासमोर उभं राहून, काय झालं ते तोंडाने सांगायचं. "कागदावर माणूस खोटं लिहितो," तो म्हणायचा, "डोळ्यात बघून नाही सांगता येत."

आता ते झाड. ईशान्य किनाऱ्यावर, सेंगकांगच्याही पुढे, एक कालवा समुद्राला मिळतो. त्याच्या तोंडाशी खारफुटी आणि तिच्या मागे अल्बिझियाची झाडं. हे आपल्या शिरीषाच्या नात्यातलं झाड. भराभर वाढतं आणि वादळात भराभर मोडतं. राखी बगळ्यांना ते आवडतं. पूर्वी तिथे त्यांची वसाहत होती. मग वादळांनी एकेक झाड पडलं, बगळे उठून गेले, आणि उंचावर काड्यांचा एक भारा असलेलं एकच झाड उरलं. कालवा रुंद करायचा होता, वर्षअखेरीच्या पावसाआधी. झाड बरोबर रेषेवर होतं. आमच्याकडे प्रश्न आला: तो काड्यांचा भारा जुना आहे की चालू आहे?

सिंगापूरला वसंत नाही, असं सगळे म्हणतात. आंबा इथे मोहरत नाही असं नाही, पण कधीही मोहरतो, त्यामुळे त्याला मान नाही. पण किनाऱ्यावर बसलं की वसंत कळतो. हिवाळ्याला आलेले चिखलपक्षी उत्तरेला निघायच्या तयारीत असतात. करड्या अंगावर विटकरी रंग चढतो, खाणं वाढतं, मग एके दिवशी चिखल रिकामा दिसतो. आणि जे इथलेच आहेत ते घरटी सावरू लागतात. सतीशला अमेरिकेतले ते राखाडी क्रौंच बघायला जायचं होतं, वसंतात एका नदीच्या पात्रात लाखोंनी उतरतात ते. व्हिडिओ लावून बसायचा आणि म्हणायचा, "एवढ्यांचा चार्ज कोण देणार आणि कोण घेणार?" आम्ही पुढच्या वर्षी जाऊ म्हणत होतो. त्या वर्षीचा वसंत आम्ही या एका झाडासमोर काढला.

कामाची पद्धत अशी होती. बगळा भरती-ओहोटीवर जगतो. पाणी उतरलं की चिखलावर मासे धरायचे, पाणी चढलं की झाडावर. म्हणून आम्हीही दिवस पाण्याप्रमाणे वाटून घेतला होता: उतरत्या पाण्याची शिफ्ट एकाची, चढत्या पाण्याची दुसऱ्याची. बदल करायचा तो मधे, ओहोटी संपून पाणी थबकतं तेव्हा. झाडासमोर, बांधाच्या टोकाला, कापडाचं एक लपण उभं केलेलं होतं. आत एक माणूस आणि तिपाईवरची एक दुर्बीण मावेल एवढंच. दोन माणसं तिथे एका वेळी दिसता कामा नयेत. एकाला बगळे सरावतात, दोघांची हालचाल झाली की बिथरतात. म्हणून बदल लपणात होत नसे. बांध जिथे खारफुटीमागे वळतो तिथून झाडही दिसत नाही आणि झाडावरून आपणही दिसत नाही. आधीच्याने दुर्बीण घेऊन तिथपर्यंत यायचं, पुढच्याने तिथे ती घ्यायची. पक्ष्यांचा नियम माझा, हातातून हातात देण्याचा नियम सतीशचा. दोन्ही नियम चांगले होते.

वळणावर आमचं जे चाले ते बघायला एखादा बगळाच असता तर त्याने नोंद केली असती.

"बाई, चार्ज घ्या."

"घेतला. काय आहे?"

"एक बगळा, उजव्या फांदीवर. एका पायावर उभा. तंद्री लागल्येय, आपल्या मंडळाच्या खजिनदारासारखी."

"जोडीदार?"

"नाही. सडाफटिंग आहे."

"आणि घरटं?"

"काड्या. वारा. काही नाही." मग पिशवी पुढे करत, "थालीपीठ आहे. दही आणायचं विसरलो."

"विसरलास की संपवलंस?"

"परिणाम एकच ना."

मग फ्लास्क उघडायचा. त्याला दोन झाकणं होती, एकात एक बसणारी; दोन्हींचे कप व्हायचे. आम्ही बांधावर बसून चहा प्यायचो. घरात आम्ही एवढं बोलत नव्हतो. घरात बोलायला वेळ असतो, म्हणून राहून जातं. इथे चहा संपेपर्यंतच अवधी, त्यामुळे रेवाचं लग्न, त्याचा रक्तदाब, पुण्याचा फ्लॅट, सगळं त्या वळणावरच बोलून झालं. रेवा म्हणजे आमची मुलगी. ती एकदा इथल्या सवयीप्रमाणे शेवटी "लाह" लावून म्हणाली, "आई, यू टू आर डेटिंग लाह."

आठवडे गेले. रोज एक बगळा दिसे. कधी उजव्या फांदीवर, कधी शेंड्याला. नर-मादी लांबून सारखेच दिसतात. काड्यांचा भारा खोल होता, आणि त्याच्याभोवती पालवी. त्यात बगळा मान आत ओढून बसला तर खालून दिसत नाही, हे मला माहीत होतं. पण बसलेला पक्षी कधीतरी उठतो, जोडीदार येतो, जागा बदलतात. अंडी उबवणं दोघांचं काम असतं. तो बदल दिसला की "आहे" म्हणायचं. तो आम्हाला एकदाही दिसला नाही. झाडाखाली विष्ठा, माशांचे काटे, अंड्यांची टरफलं पडतात, त्यावरूनही कळतं. पण हे झाड चिखलात होतं आणि खालची जमीन समुद्र रोज धुऊन नेत होता. ड्रोनला त्या भागात परवानगी नव्हती, विमानतळ जवळ. तेव्हा अहवालाचा मसुदा तयार झाला: एकटा राखी बगळा विसाव्यासाठी येतो, घरटं जुनं. सही व्हायची होती, आणि झाड पाडण्याआधी एकदा शेवटची पाहणी.

त्याच दिवसांत सतीश गेला.

मंडाईच्या दाहगृहात साइटचे मॅनेजर टॅन आले होते. साइटवरून थेट आले होते. पायात तेच मातीचे बूट. मागच्या रांगेत उभे राहिले, आणि निघताना म्हणाले, "मॅडम, टेक युअर टाइम." पण टाइम त्यांच्याकडेही नव्हता. झाड आडवं असल्यामुळे एका बाजूचं काम खोळंबलेलं होतं, मशिनं उभी होती, आणि वरचे लोक त्यांना रोज एकच प्रश्न विचारत होते. तोच प्रश्न ते फोनवर मला विचारत: "मॅडम, पक्षी आहे की नाही? येस ऑर नो?"

तेरावा झाला. पुण्याचे लोक परत गेले. रेवा माझ्याकडेच राहत होती. झाड पाडायच्या आदल्या दिवसाची शेवटची पाहणी बाकी होती. कंपनीने दुसऱ्या कुणाला पाठवायची तयारी दाखवली, पण सगळे दुसऱ्या साइटवर अडकलेले होते. रेवा म्हणाली, "आई, सही करून टाक. बाबांनीच सांगितलंय ना, काही नाही? व्हाय यू टॉर्चर युअरसेल्फ?"

"शेवटची पाहणी करावी लागते."

"मग मी येते."

"लपणात एकच माणूस बसतं."

मला तिच्याशी असं बोलायचं नव्हतं.

उतरत्या पाण्याला मी लपणात जाऊन बसले. त्याने लावलेली स्टुलाची उंची मला जास्त होती. ती मी त्या शेवटच्या दिवशीही बदलली नव्हती, आताही बदलली नाही. उजव्या फांदीवर कुणी नव्हतं. भाऱ्यातून काही हललं नाही. चिखल उघडा पडत गेला, दूरवर बगळे विखरून उभे होते. मी काड्यांवर दुर्बीण लावून बसले आणि काहीही दिसू नये असंच मला वाटत होतं, हे लिहून ठेवते. काही दिसलं नाही, तर त्याचं वाक्य खरं राहणार होतं.

पाणी थबकलं. रोज या वेळी मी किंवा तो तिपाई मिटवायचो. माझा हात सवयीने स्क्रूकडे गेला. मग लक्षात आलं की वळणावर कुणी नाही. दुर्बीण द्यायची कुणाला? उठायचं कशासाठी? मी हात मागे घेतला आणि बसून राहिले.

थोड्या वेळाने पाण्याची पहिली रेघ चिखलावर परत चढली. कालव्यावरून एक बगळा आला, अगदी खालून, संथ पंखांनी. चोचीत काडी होती. तो झाडाकडे वळला, वर चढला, आणि भाऱ्याच्या काठावर उतरला. आणि आम्ही इतके आठवडे ज्या काड्यांकडे बघत होतो त्यांतून एक मान वर आली. काळा तुरा, पिवळी चोच. ती सरळ वर ताणली गेली, मग दोघांच्या चोची वाजल्या; आवाज माझ्यापर्यंत पोचला. आलेल्याने काडी पुढे केली. बसलेल्याने ती घेतली, खाली वाकून कुठेतरी खोचली, उभा राहिला, अंग झाडलं, आणि उडून चिखलावर गेला. आलेल्याने आत पाय टाकला, चोच खाली नेऊन हलकेच काहीतरी वळवलं, दोनदा, तीनदा. तशी चोच फक्त अंड्यांसाठी खाली जाते. मग तो बसत गेला, मान आत ओढली, आणि दिसेनासा झाला.

झाड पुन्हा रिकामं दिसू लागलं. सगळ्याला एक कप चहा प्यायला लागतो तेवढाच वेळ लागला होता.

बगळेही पाण्यावरच शिफ्ट बदलत होते. ओहोटीला एक चरायला, दुसरा अंड्यांवर; पाणी फिरलं की बदल. आम्हीही पाणी फिरलं की बदलत होतो. रोज बरोबर त्या वेळी दुर्बीण वळणावर, खारफुटीमागे, एका हातातून दुसऱ्या हातात जात होती. फांदीवर दिसायचा तो दर वेळी सुट्टीवरचा; सकाळी सतीश बघायचा तो बगळा आणि दुपारी मी बघायची तो बगळा एक नव्हता. सडाफटिंग कुणीच नव्हतं.

मी टॅनना फोन केला. "आहे."

"मॅडम, तुमच्या टीमने इतके दिवस नो म्हटलंय."

"इतके दिवस चुकलं. अंडी आहेत."

"फोटो?"

मी मोबाइल दुर्बिणीला लावून घाईघाईत काढला होता. पाठवला. उत्तर आलं: "मॅडम, ही फांदी आहे."

ती फांदी नव्हती, पण फोटोत फांदीच दिसत होती. माझ्या कंपनीच्या साहेबांनीही समजुतीच्या सुरात विचारलं, "नीला, तू नीट झोपतेस ना?" वाईट हेतू नव्हता. पंधरवड्यापूर्वी नवरा गेलेली बाई, शेवटच्या दिवशी, एकटी, आधीच्या सगळ्या नोंदींच्या विरुद्ध. मी त्यांच्या जागी असते तर मीही दुसरा साक्षीदार मागितला असता. दुसरा साक्षीदार मोकळा होईपर्यंत झाड पडणार होतं. करवतवाले सकाळी येणार होते.

मी पुन्हा टॅनना फोन केला. म्हटलं, "उद्या पाणी फिरेपर्यंत थांबा. आणि तुम्ही स्वतः बघा."

"मी? मला बगळा आणि बदक कळत नाही लाह."

"कळायची गरज नाही. बसता येतं ना?"

ते म्हणाले, "पाणी फिरेपर्यंत. त्यानंतर नाही."

सकाळी करवतवाले बांधाच्या सुरुवातीला ट्रक लावून बसले होते. दोर, हेल्मेटं, करवती ताडपत्रीवर मांडलेल्या. त्यांच्यातला एक झाडाकडे बघून दोर कुठून टाकायचा ते बोटाने दाखवत होता. टॅन छत्री घेऊन आले. छत्री मी काढून घेतली. पिवळं जॅकेटही उतरवायला लावलं.

"काय बघायचं?" त्यांनी विचारलं.

मी चूक करू शकत होते. एक येईल, दुसरा उठेल, असं होईल, तसं होईल, असं सगळं सांगितलं असतं तर त्यांनी तेच बघितलं असतं, आणि मग ती साक्ष माझीच झाली असती. सतीश नव्या माणसाला कधी काय दिसेल ते सांगायचा नाही. मी एवढंच म्हटलं, "तो काड्यांचा भारा. त्याच्यावरून डोळा काढू नका. मोबाइल बंद. काही दिसो न दिसो, पाणी चिखलावर नीट चढेपर्यंत उठू नका. मग दुर्बीण घेऊन वळणावर या. मी तिथे असेन."

"तुम्ही बरोबर नाही?"

"दोघांना बघून ते येणार नाहीत."

ते लपणात गेले. मी वळणावर येऊन बसले. इथून झाड दिसत नाही, हे आम्ही किती विचारपूर्वक ठरवलं होतं! समोर फक्त खारफुटीची मुळं, चिखलातले खेकडे, आणि पाणी. मागे ट्रकपाशी कुणीतरी एक करवत सुरू करून बघितली, लगेच बंद केली. तेवढ्यानेही बगळे उठून गेले असतील, असं वाटलं. टॅन कंटाळून मोबाइल बघत असतील, असं वाटलं. बगळा आज उशीर करेल, किंवा त्यांना शिंक येईल, किंवा नेमके डोळे चोळत असतील तेव्हा सगळं होऊन जाईल. आम्हालाच एवढे दिवस दिसलं नव्हतं, त्यांना एका खेपेत का दिसावं?

पाणी थबकलं. मुळांमधला कचरा एका जागी उभा राहिला. मी फ्लास्क उघडला नाही.

रेवाचा मेसेज आला: "आई, दिसलं का?" मी मोबाइल पिशवीत टाकला.

मग एक सुकलेलं पान मुळांपासून सुटलं आणि आतल्या बाजूला सरकू लागलं. पाणी फिरलं होतं. एक खेकडा बिळात गेला, मग दुसरा. करवतवाल्यांचा मुकादम वळणापर्यंत आला, मनगटावरच्या घड्याळावर बोट ठेवलं. मी हाताने थांब म्हटलं. तो कंबरेवर हात ठेवून तिथेच उभा राहिला. चोचींचा आवाज ऐकू येईल म्हणून मी कान देत होते. इथवर काही येत नव्हतं. एवढे आठवडे चहा पिताना कसा आला नाही, याचंही उत्तर मिळालं.

बांधावर पावलं वाजली.

टॅन वळणावरून आले. दुर्बीण त्यांनी दोन्ही हातांत धरली होती, छातीशी, झोपलेलं मूल धरतात तशी. शर्ट घामाने भिजला होता. मुकादमाने त्यांना काहीतरी विचारलं; त्यांनी त्याच्याकडे बघितलंही नाही. माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"मॅडम," ते म्हणाले, "स्टिक घेऊन आला."

मी उठून उभी राहिले.

"आतमध्ये एक होता. ऑल द टाइम आतच होता. बाहेरचा काडी घेऊन आला, आतल्याने घेतली. मग हा गेला, तो बसला." त्यांनी श्वास घेतला. "लाइक शिफ्ट चेंज. सेम सेम."

मग त्यांनी दुर्बीण माझ्यापुढे धरली. माझ्या हातात नीट येईपर्यंत सोडली नाही.

"चार्ज घेतला," मी म्हटलं. मराठीतच.

"व्हॉट?"

"थँक यू."

त्यांनी मुकादमाकडे वळून हाताने खूण केली, गुंडाळा. करवती ताडपत्रीतून ट्रकमध्ये गेल्या. वरिष्ठांशी टॅनना पुढे काय बोलावं लागलं ते त्यांनी मला सांगितलं नाही. मी फ्लास्क उघडला आणि दुसऱ्या झाकणात त्यांना चहा दिला. आल्याचा होता, त्यांनी तोंड वेडंवाकडं केलं, पण संपवला.

त्यानंतर मी रोज जात राहिले. पिल्लं झाली. बगळ्याची पिल्लं फार कुरूप आणि फार भांडखोर असतात. बांधाच्या सुरुवातीपर्यंत कलकलाट पोचायचा, मग कुणालाच दुर्बीण लागली नसती. रेवा सुट्टीच्या दिवशी वळणापर्यंत यायची. एकदा म्हणाली, "बाबा असते तर यांना चमच्यांसारखं लावलं असतं." आम्ही दोघी हसलो.

एक गोष्ट मनात राहिली. सतीशला ती जोडी दिसली नाही. "काही नाही" म्हणताना त्या काड्यांत कुणीतरी अंग चोरून बसलेलं होतं, आणि आम्ही चहाला बसलो की ते दोघं एकमेकांना भेटत होते. त्याला हे सांगितलं असतं तर तो आधी नियमात काय दुरुस्ती करायची ते बोलला असता. ती मी केली. आता आमच्या कंपनीत शिफ्ट पाणी फिरताना बदलत नाही, आणि दुर्बिणी दोन असतात. पुढचा दुसऱ्या लपणात दुर्बीण लावून बसेपर्यंत पहिली झाडावरून हलत नाही.

पिल्लं उडाली. मी अहवालात "नाही" लिहून सही केली आणि ते झाड पाडलं. कालवा रुंद झाला, काठाला रेलिंग आली. त्या जोडीला मी नंतर ओळखू शकले नाही. राखी बगळे सगळे सारखेच दिसतात.

बांधाचं वळण आहे. जुनी दुर्बीण कंपनीने मला देऊन टाकली, ती घरी आहे. स्टूल आहे, त्याच्याच उंचीला लावलेलं. फ्लास्क आहे, आणि त्याची दोन्ही झाकणं.